गोलाच्या सूत्रातला ४/३ येतो कुठून? आणि चेंडू मोजला की उत्तर का हुकतं?

दहावी_महत्त्वमापन
घनफळ = ४/३ × पाय × त्रिज्येचा घन, हे सूत्र मुलांचं पाठ असतं. पण ४/३ च का, इथे गाडी अडते. कलनाशिवाय (कॅल्क्युलसशिवाय) दाखवता येईल का? दुसरं म्हणजे, क्रिकेटच्या लेदर बॉलचा व्यास पट्टीने ७.५ सेमी आला, म्हणजे घनफळ २२१ घसेमी. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात तोच बुडवला तर सांडलेलं पाणी भरलं १८४ मिली. खरं कोणतं धरायचं?

लंबछेद
कलन लागत नाही, काप घेऊन बघा. अर्धगोल पालथा ठेवा. शेजारी तेवढीच त्रिज्या आणि तेवढीच उंची असलेली वृत्तचिती ठेवा, आणि तिच्यातून एक शंकू कोरून काढा. शंकूचं टोक खाली, तोंड वर. हे उलटं झालं की काप जुळत नाहीत; बहुतेक आकृत्या इथेच बिघडतात.

त्रिज्या ५ घ्या आणि तळापासून ३ वर आडवा काप द्या. अर्धगोलाच्या कापाची त्रिज्या पायथागोरसने ४, क्षेत्रफळ १६ पाय. वृत्तचितीचा काप २५ पाय, त्यातलं शंकूचं भोक ३ त्रिज्येचं, म्हणजे ९ पाय. उरलेलं कडं १६ पाय! उंची ४ घेतली तर दोन्हीकडे ९ पाय. प्रत्येक उंचीवर काप सारखे, म्हणून घनफळंही सारखी. (हे तत्त्व सतराव्या शतकातल्या इटलीच्या कॅव्हालिएरीच्या नावाने ओळखतात.)

आता वृत्तचितीची उंची त्रिज्येएवढीच, म्हणून तिचं घनफळ पाय × त्रिज्या³. शंकू त्याचा १/३. उरले २/३, तो अर्धगोल. दुप्पट केलं की ४/३.

मोजपट्टी
दोन्ही आकडे चुकलेत. गोलाला पट्टी लावली की कड नेमकी कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही, ३ मिमी सहज जास्त धरले जातात. व्यासातली ४ टक्के चूक घनफळात तिप्पट होऊन बसते, कारण त्रिज्येचा घन होतो. त्यापेक्षा कागदाची अरुंद पट्टी चेंडूच्या ऐन मध्यावरून गुंडाळा. दोरा नको, तो ताणला जातो. शिवण उचललेली असते, म्हणून तीन दिशांनी मोजून सरासरी काढा. नियमाप्रमाणे नव्या चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९ सेमी असतो. २२.६ आला तर त्रिज्या ३.६० आणि घनफळ साधारण १९५ घसेमी.

सांडलेलं पाणी कमी भरतं, कारण थोडं भांड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहतं आणि पातळी खरोखर काठाला टेकलेली नसते. शिवाय हा चेंडू तरंगतो, पूर्ण बुडाला नसेल तरी आकडा कमीच येणार. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर अर्धं भरलेलं पातेलं ठेवा आणि काटा शून्य करा. विणायच्या बारीक सुईने चेंडू पाण्याखाली दाबून धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घसेमी. आकडा लगेच टिपा, चामडं पाणी पितं.

दहावी_महत्त्वमापन
काप समजले. पण शंकूचा १/३ मुलं मुकाट मान्य करणार नाहीत.

लंबछेद
घनापासून सुरू करा. घनाचा एक कोपरा धरा. त्याला न लागणाऱ्या तीन बाजूंवर, टोक त्या कोपऱ्यात असलेल्या तीन सूची (पिरॅमिड) उभ्या राहतात, तिन्ही एकसारख्या, म्हणून प्रत्येकी १/३. जाड कागदाच्या तीन करून जोडल्या की घन होतो. तळाचं क्षेत्रफळ आणि उंची तीच ठेवून तळाचा आकार बदलला तरी काप त्याच प्रमाणात आक्रसतात, म्हणून शंकूलाही १/३ च.

जुनं_गणित
सूचीवरूनच गोलही सुटतो. पृष्ठभागाचे बारीक तुकडे करा. प्रत्येकावर केंद्रापर्यंत जाणारी, त्रिज्येएवढ्या उंचीची सूची. सगळ्या मिळून पृष्ठफळ × त्रिज्या ÷ ३. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) हेच आहे: पृष्ठफळ × व्यास ÷ ६. पृष्ठफळ म्हणजे परीघ × व्यास, तेव्हा वरच्या चेंडूला २२.६ × ७.१९ × ७.१९ ÷ ६, पुन्हा १९५. आर्यभटाने ४९९ मध्ये वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचं वर्गमूळ असा नियम दिला होता. तो जवळपास एक तृतीयांश जास्त उत्तर देतो. मुलांना दोन्ही नियम देऊन काट्यावर पडताळायला लावा.