निघण्याचा दिवस ठरलेला नसताना पुढच्या तिकिटावर तारीख कोणती टाकावी?

नवा_पासपोर्ट यांचा प्रश्न:

नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी प्रथमच लांबचा प्रवास आखला आहे. आधी थायलंडमध्ये सुमारे ८५ दिवस, तिथून इंडोनेशियात महिनाभर आणि पुढे उन्हाळ्यात युरोपातील शेंगेन देशांत (एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) जमेल तितके दिवस, असा ढोबळ बेत आहे. थायलंडचा ६० दिवसांचा सिंगल एन्ट्री (एकदाच प्रवेश देणारा) पर्यटक व्हिसा हाती आलेला असून तो तिथे गेल्यावर आणखी ३० दिवस वाढवून घेता येतो, असे वाचनात आले. अडचण अशी, की तिथून नेमके कधी निघणार हे आमचेच ठरलेले नाही, म्हणून एकेरी तिकीट काढण्याचा विचार होता. तिकीट काढून देणारे एजंट म्हणतात, की परतीच्या तिकिटाशिवाय विमानात बसूच देत नाहीत. आमचे एक स्नेही मात्र शपथेवर सांगतात, की चार देश फिरूनही त्यांना कुणी चकार शब्दाने विचारले नाही. खरे कुणाचे मानायचे? आणि तिकीट काढायचेच झाले, तर त्यावर ८५व्या दिवसाची तारीख चालेल का? थोडक्या पैशांत दोन दिवसांपुरते आरक्षण करून देणारी संकेतस्थळेही दिसली. त्यांच्या वाटेला जावे का?

काउंटरपलीकडून यांचे उत्तर:

मी काही वर्षे एका विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर काम केले आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. एजंटांचे खरे आहे आणि तुमच्या स्नेह्यांचेही खरे आहे, कारण नियम असणे आणि त्या दिवशी त्या माणसाने तो विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला प्रवास मात्र न विचारणाऱ्यावर अवलंबून ठेवू नये.

पहिल्यांदा हे लक्षात घ्या, की तिकिटाविषयी तुम्हाला बहुतेक वेळा त्या देशाचा अधिकारी विचारत नाही, तर प्रवास सुरू होतो त्या विमानतळावरचा कंपनीचा कर्मचारी विचारतो. १९४४च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार, ज्याला प्रवेश नाकारला गेला त्या प्रवाशाला माघारी नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या कंपनीवर येते, आणि कागदपत्रांत खोट निघाल्यास अनेक देश कंपनीला वेगळा दंडही करतात. म्हणून आम्ही प्रवाशाचे राष्ट्रीयत्व, पासपोर्टची मुदत, व्हिसाचा प्रकार आणि मुक्काम ही माहिती 'टायमॅटिक' नावाच्या प्रणालीत घालायचो. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटा ती चालवते. पडद्यावर जे वाक्य येईल, ते आमच्यासाठी प्रमाण. 'परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट आवश्यक' असे आले, की प्रवाशाने कितीही समजावले तरी आमच्या हाती फारसे काही उरत नसे.

आता तारखेविषयी. ८५वा दिवस टाकू नका. तुमच्या व्हिसावर आज ६० दिवस आहेत आणि मुदतवाढ हा पुढे तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याने घ्यायचा निर्णय आहे. काउंटरवरच्या माणसाने ती मिळेलच असे गृहीत का धरावे? तिकिटाची तारीख ६० दिवसांच्या आत हवी, आणि तिकीट असे घ्यावे की नंतर तारीख बदलता येईल किंवा पैसे परत मिळतील. आणखी एक गोष्ट प्रवाशांच्या ध्यानी येत नाही: पुढच्या प्रवासाचे तिकीट मायदेशीचेच असावे असा आग्रह सहसा नसतो, तुम्हाला जिथे प्रवेश मिळू शकतो अशा तिसऱ्या देशाचे तिकीटही चालते.

भाड्याच्या आरक्षणाबद्दल स्पष्टच लिहितो. आरक्षण झाले की सहा अक्षर-अंकांचा पीएनआर मिळतो, परंतु त्याने तिकीट झाले असे होत नाही. पैसे भरून तिकीट निघाले की १३ अंकी क्रमांक येतो आणि त्याचे पहिले तीन अंक कंपनीची ओळख सांगतात. ठरलेल्या वेळेत तिकीट निघाले नाही, की कंपनीची यंत्रणा आरक्षण आपोआप रद्द करते. या संकेतस्थळांपैकी काही असे अल्पायुषी आरक्षण देतात, तर काही नुसती कागदावरची नक्षी. शंका आली, की आम्ही बुकिंग उघडून पाहायचो. एकदा एका जोडप्याचा पीएनआर टाकला, तर तो आदल्या रात्रीच रद्द झालेला. विमान सुटायला पन्नास मिनिटे होती आणि ते दोघे मोबाइलवर मिळेल त्या भावाने तिकीट शोधत उभे होते. वेळेत मिळाले म्हणून गेले. नक्षीवाल्या कागदाची गोष्ट आणखी वाईट, कारण तो इमिग्रेशनपुढे ठेवला तर खोटी कागदपत्रे दाखवल्याचा ठपका येतो.

तीन_तारखा यांचे उत्तर:

वरील उत्तराला एक पुरवणी. व्हिसावरची मुदत आणि राहण्याची मुदत यांची गल्लत करू नये. तुमच्या सिंगल एन्ट्री व्हिसावर जी अंतिम तारीख असेल, ती थायलंडमध्ये शिरण्याची शेवटची तारीख आहे. ६० दिवस मोजले जातात ते प्रवेशापासून आणि उतरल्याचा दिवस पहिला धरून. १ नोव्हेंबरला उतरलात, तर शिक्क्यावर ३० डिसेंबर दिसेल. बोटांवर दोन महिने मोजणारे इथेच चुकतात. मुदतवाढीचा अर्ज या तारखेच्या आत करायचा असतो. मुदतीबाहेर राहिल्यास दिवसाला ५०० बाथ याप्रमाणे, कमाल २०,००० बाथपर्यंत दंड होतो, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त ओलांडले तर पुन्हा प्रवेशावर बंदी येते.

अमेरिकेच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी त्या खेपेला किती राहायचे हे आय-९४ या नोंदीवरची तारीख ठरवते, जी पर्यटकाला सहसा सहा महिन्यांची मिळते. ती तारीख ओलांडून राहिले, की तो दहा वर्षांचा व्हिसा रद्दबातल होतो. तुमच्या बेतात अमेरिका नाही, हे ठाऊक आहे. पण पासपोर्टवरच्या व्हिसाच्या तारखेवर विसंबणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत तिथे होते, म्हणून लिहिले.

उन्हाळी_पाखरू यांचे उत्तर:

शेंगेनविषयी स्वानुभव सांगते. नियम ऐकायला सोपा आहे: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. यातले 'कोणत्याही' हे पद मी वाचले, पण समजून घेतले नाही. माझ्याकडे मल्टिपल एन्ट्री व्हिसा होता. मे महिन्यात १ ते २० तारखेपर्यंत मी तिथे राहून आले आणि पुन्हा १ जुलैला गेले. परतीचे तिकीट २५ सप्टेंबरचे काढले होते, कारण जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे २५ मिळून ८७ होतात, आणि ८७ म्हणजे ९०च्या आत. नव्या प्रवेशाबरोबर मोजणीही नव्याने सुरू होते, असा माझा गोड समज होता.

वस्तुस्थिती अशी, की तिथल्या प्रत्येक दिवशी उभे राहून मागचे १८० दिवस मोजायचे असतात, आणि त्या चौकटीत माझे मे महिन्यातले २० दिवस सप्टेंबर संपेपर्यंत जसेच्या तसे बसत होते. शिवाय येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरतात. म्हणजे मला उरले होते ७० दिवस, आणि शेवटचा दिवस होता ८ सप्टेंबर. ऑगस्टच्या मध्यावर सहज म्हणून युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरील गणकयंत्रात तारखा भरल्या, तेव्हा लाल अक्षरांत उत्तर आले. तिकीट बदलण्याचे शुल्क आणि उरलेल्या मुक्कामाचे आगाऊ दिलेले भाडे, दोन्ही गेले. पूर्वी शिक्के मोजताना अधिकाऱ्याची नजर चुकू शकत असे. आता १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने प्रवेश आणि निर्गमनाची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारी ईईएस पद्धत सुरू झाली आहे, आणि ती दिवस स्वतःच मोजते.

तुम्ही तिघेचौघे मिळून जाणार असाल, तर प्रत्येकाची मोजणी वेगळी करा. आमच्या गटात एकीला माझ्यापेक्षा जास्त दिवस उरले होते आणि तिला ते माहीतच नव्हते.

नवा_पासपोर्ट यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. थायलंडहून इंडोनेशियाला जाणारे, तारीख बदलता येणारे तिकीट ५६व्या दिवसाचे घ्यावे, असे ठरवतो आहोत. दोन शंका उरल्या. हे तिकीट असले, की इंडोनेशियाच्या बाबतीत वेगळे काही लागेल का? आणि शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत तिकिटाचे आरक्षण मागितले आहे. तेही पूर्ण पैसे भरूनच करावे लागेल का?

काउंटरपलीकडून यांचे उत्तर:

लागेल. हाच प्रश्न प्रत्येक टप्प्यावर नव्याने विचारला जातो. बँकॉकच्या काउंटरवर तुम्ही उभे राहाल, तेव्हा थायलंडचा विषय संपलेला असेल आणि पडद्यावर इंडोनेशियाचे वाक्य येईल. तिथला आगमनावेळचा व्हिसा ३० दिवसांचा असून एकदाच आणखी ३० दिवस वाढतो, आणि त्यासाठी परतीचे किंवा पुढचे तिकीट मागितले जाते. तेव्हा इंडोनेशियातून बाहेर पडण्याचे तिकीट बँकॉकच्या विमानतळावर पोहोचल्यावर नव्हे, तिथून निघण्याच्या किमान आठवडाभर आधी हाती ठेवा, आणि पहिल्या ३० दिवसांच्या आतलेच ठेवा. मुदत ओलांडल्यास तिथे दिवसाला दहा लाख रुपिया दंड आहे, जो ऐकायला वाटतो तितका नसला तरी दोघांचा मिळून चांगलाच जाणवतो.

शेंगेनच्या अर्जाचे मात्र निराळे आहे. तिथे आरक्षण पुरते, आणि व्हिसा हाती येईपर्यंत तिकिटाचे पूर्ण पैसे भरू नका असे अनेक वकिलातीच सुचवतात. ते आरक्षण विमान कंपनीकडून किंवा मान्यताप्राप्त एजंटाकडून घ्यावे. अर्जापुरते चालणारे हे आरक्षण प्रवासाच्या दिवशी काउंटरवर चालणार नाही, एवढे ध्यानात असू द्या.

तीन_तारखा यांचे उत्तर:

थायलंडला उतरल्यावर शिक्का मारून घेतलात, की काउंटरवरून हलण्याआधी त्यावरची तारीख चष्मा लावून वाचा आणि दोघांच्या पासपोर्टवर एकच आहे ना ते पाहा. माझ्या एका सहप्रवाशाला ६०ऐवजी ३० दिवसांचा शिक्का मिळाला होता. तिथल्या तिथे दाखवला, तर पाच मिनिटांत दुरुस्त झाला. बाहेर पडल्यावर लक्षात आले असते, तर इमिग्रेशनच्या कार्यालयात अर्ज घेऊन अर्धा दिवस बसावे लागले असते.