मदत हवी आहे: कॅटलोनियातले कामगार १९१९ ते १९३१ मध्ये कसे वळले?

कामगार अभ्यासमंडळात बार्सिलोनावर, म्हणजे स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताच्या राजधानीवर, बोलायचं आहे. एका जागी गाडी अडली आहे.

फेब्रुवारी १९१९ मध्ये ‘ला कनाडेन्का’ या वीज कंपनीने आठ कारकुनांना काढलं आणि ४४ दिवसांचा संप झाला. शहर अंधारात, ट्राम जागेवर उभ्या, आणि छापखान्यातले कामगार संपाविरुद्धचा मजकूर जुळवायलाच तयार नाहीत! ३ एप्रिलला आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला. त्याच हिवाळ्यात कॅटलोनियाच्या स्वायत्ततेची मागणी जोरात होती, पण तिचं नेतृत्व गिरणीमालकांना जवळच्या ‘लिगा’ या कॅटलान पक्षाकडे. सीएनटी या अराज्यवादी कामगार संघटनेचे कामगार तिच्यापासून लांब राहिले, हे समजतं.

पण एप्रिल १९३१ च्या निवडणुकीत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी फ्रान्सेस्क मासियांच्या एस्केरा या डाव्या कॅटलानवादी पक्षाला मतं दिली. हे कसं झालं?

प्रिमो दे रिव्हेराच्या हुकूमशाहीने (१९२३–३०) संघटना आणि कॅटलान भाषा दोन्ही दडपल्या, हे उत्तर वाचलंय; मला ते अपुरं वाटतं. कामगारांचे वकील फ्रान्सेस्क लायरेत स्वतः कॅटलानवादी होते. कुबड्या घेऊन चालणाऱ्या या माणसाला ३० नोव्हेंबर १९२० रोजी घराच्या दारातच गोळ्या घातल्या. त्यांचे सहकारी कुम्पान्स पुढे एस्केराचे नेते झाले. खरा दुवा इथे असावा असं मनात येतं.

मला इंग्रजी वाचता येतं, स्पॅनिश-कॅटलान नाही. संपाचा घटनाक्रम मिळालाय, तो नको. मुर्सिया-आरागॉन या स्पेनच्या इतर भागांतून आलेल्या, कॅटलान न बोलणाऱ्या कामगारांनाही १९३१ मध्ये एस्केरा आपला वाटला का, आणि वाटला असेल तर कशामुळे?