मदत हवी आहे : धडक देऊन पळालेल्या चालकावर सदोष मनुष्यवधाचे कलम लावता येईल का?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली, तेव्हा पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम १०६(२) ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर वगळून ठेवले गेले. माझ्या आतेभावाला रात्री मोटारीने उडवणारा चालक दुसऱ्या दिवशी सापडला, त्यामुळे रक्तातील मद्याची तपासणी जवळजवळ निरर्थक ठरली (पळण्याचा फायदा नेमका हाच असतो) आणि गुन्हा १०६(१) (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली, म्हणजे कमाल ५ वर्षांच्या शिक्षेचा, नोंदवला गेला. बारचे बिल आणि सीसीटीव्ही चित्रण यांच्या आधारे कलम १०५ (सदोष मनुष्यवध) वाढवून घेण्यासाठी आम्ही अर्ज तपास अधिकाऱ्याकडे करावा की न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, आणि तो आरोपपत्रापूर्वीच करणे आवश्यक आहे का? फौजदारी वकिली करणाऱ्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.