मदत हवी आहे: नॅसकारने पुन्हा शोरूममधल्या गाड्यांकडे वळावे का? माझाच युक्तिवाद मला पटेनासा झाला आहे

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहरात राहतो. स्टॉक कार शर्यतींचे बहुतेक मोठे संघ याच परिसरात असल्यामुळे इथे आल्यावर हा नाद लागला नसता तरच नवल. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी याच विषयावर लेख लिहायला घेतला आहे. अमेरिकेत या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेने आपल्या नावाला जागावे आणि शोरूममधून विकत घेता येतील अशाच गाड्या पुन्हा ट्रॅकवर आणाव्यात, अशी बाजू त्यात मांडायची होती. निम्मा लेख झाल्यावर मात्र मीच अडलो आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो, की इथे 'स्टॉक'चा शेअर बाजाराशी काही संबंध नाही. कारखान्यातून निघाली तशीच, फेरफार न केलेली गाडी म्हणजे स्टॉक गाडी. बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने १९४८ साली नॅसकारची स्थापना झाली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लटच्याच पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर 'स्ट्रिक्टली स्टॉक' या नावाने पहिली शर्यत झाली. चालक ली पेटी यांनी तर उसनी आणलेली ब्यूक त्या दिवशी उलटवली. लोकांना हे भावले, कारण घरासमोर उभी असते तसलीच गाडी तिथे धुरळा उडवत होती, आणि 'रविवारी जिंका, सोमवारी विका' हा मोटार कंपन्यांचा हिशेबही त्यावरच उभा राहिला.

आज नॅसकारच्या सर्वोच्च अशा कप मालिकेतल्या गाडीचा शोरूमशी संबंध उरला आहे तो नाव, बोधचिन्ह आणि चेहऱ्याची ठेवण एवढाच. २०२२ पासूनच्या गाडीचा पोलादी नळ्यांचा सांगाडा सर्व संघ एकाच पुरवठादाराकडून घेतात, वरचे कवच कॉम्पोझिटचे असते, पुढचे दिवे म्हणजे चिकटवलेले चित्र असते आणि ३५८ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.९ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन मागची चाके फिरवते. त्याउलट शोरूममधली टोयोटा कॅमरी चार दारांची असून पुढच्या चाकांच्या जोरावर चालते, आणि २०२५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ती फक्त अडीच लिटरच्या, चार सिलिंडरच्या हायब्रिड रूपातच मिळते. पुण्यात माझ्या मेहुण्यांकडे कॅमरी हायब्रिड आहे. 'तुमची गाडी डेटोनाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी तीनशे किलोमीटरने धावते' असे मी फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. शेव्हरोलेची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे, कारण तिच्या कॅमॅरोचे उत्पादन २०२४ च्या मॉडेलनंतर थांबले, तरी ट्रॅकवर ती धावतच राहिली.

अडचण अशी, की खऱ्याखुऱ्या गाड्या आणायच्या म्हटले तर आणायच्या कोणत्या? कप मालिकेत धावणाऱ्या कॅमरी, कॅमॅरो आणि मस्टँग या तीन नावांपैकी मागच्या चाकांवर चालणारी, आठ सिलिंडरचे इंजिन मिळणारी आणि अजून विक्रीला असलेली गाडी एकच उरते, ती फोर्डची मस्टँग. कॅमरीला तिच्या शेजारी उभे करायचे तर सवलती द्याव्या लागतील, आणि सवलती आल्या की फेरफारही आलेच. दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. फेब्रुवारी २००१ मध्ये नामवंत चालक डेल अर्नहार्ट डेटोनाच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अपघातात मरण पावले. त्यानंतर मान सावरणारे उपकरण सक्तीचे झाले, भिंतींना धक्का शोषणारे अडसर लागले आणि २००७ मध्ये सुरक्षितता डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली नवी गाडी आली. हे सगळे सोडून मागे जा, असे कुणाला सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. कारखान्यातले मूळ बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा मूळ साचा, घेऊन आत सुरक्षेचा पिंजरा बसवला, तर ती गाडी मोठ्या ट्रॅकच्या वेगाला पुरी पडेल का? आणि एवढे केल्यावर तिला 'खरी' म्हणता येईल का, की मी निव्वळ गतकाळाच्या ओढीने लिहितो आहे?

प्रतिसाद १

'खरी' म्हणता येईल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण सांगितलेल्या पहिल्या शर्यतीतच दडलेले आहे, आणि आपण नेमके तेच गाळले आहे. १९ जून १९४९ ला सर्वांत पुढे आलेले ग्लेन डनवे यांची १९४७ ची फोर्ड तपासली, तेव्हा तिच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार आढळला; चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्या वजनाने बसू नयेत आणि वळणावर डोलू नयेत म्हणून असले बदल सर्रास केले जात. डनवे बाद झाले, तीन फेऱ्या मागे असलेल्या जिम रोपर यांच्या लिंकनला विजय मिळाला, गाडीचे मालक न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. म्हणजे अस्सल स्टॉकचा सुवर्णकाळ एक दिवससुद्धा टिकला नाही. पुढच्याच वर्षी डार्लिंग्टनला पाचशे मैलांच्या शर्यतीत ७५ गाड्या उतरल्या, वेगवान गाड्यांचे टायर एकामागून एक फुटत गेले, आणि जॉनी मँट्झ यांची कमी ताकदीची प्लिमथ ट्रकच्या कडक टायरांवर निवांतपणे जिंकली.

याच्याही पुढची गंमत म्हणजे, गाडी शोरूमची हवी असा आग्रह धरल्यावर कंपन्यांनी शर्यतीची गाडीच शोरूममध्ये आणून ठेवली. १९६९ ची डॉज चार्जर डेटोना आणि १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड आठवा: टोकदार नाक, मागे माणसाच्या छातीपर्यंत येणारा पंख. १९७० साठी नियमच असा झाला, की दर दोन विक्रेत्यांमागे निदान एक गाडी बनवलीच पाहिजे. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर चालक बडी बेकर यांनी चार्जर डेटोनाच्या चाचणीत ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली खरी, पण रस्त्यावर सुपरबर्ड कुणी घेईना, आणि काही विक्रेत्यांनी नाक व पंख उतरवून त्या प्लिमथच्याच साध्या रोडरनर गाड्या म्हणून खपवल्या. १९७१ साठी नॅसकारने असल्या गाड्यांच्या इंजिनांवर ३०५ घनइंचांची मर्यादा घातली आणि तो अध्याय मिटला. आपला नियम लागू केला, तर हेच पुन्हा होणार नाही कशावरून?

प्रतिसाद २

मी गाड्यांच्या बॉडी डिझाइनच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे मूळ बॉडीशेल मोठ्या ट्रॅकच्या वेगाला पुरे पडेल का, एवढ्याच प्रश्नावर बोलतो. मूळ बॉडीशेलवर शर्यती होतात आणि उत्तम होतात. ब्रिटनची टूरिंग कार मालिका आणि टीसीआर हा शर्यतींचा वर्ग त्यावरच चालतात, आणि मस्टँगची जीटी-४ ही शर्यतीची आवृत्तीही कारखान्याच्या शेलवरच बांधलेली असते. परंतु त्या गाड्यांना वळणापूर्वी ब्रेक लावावा लागतो. डेटोनाच्या ३१ अंश कललेल्या वळणांवर गाडी वेग न सोडता जाते, आणि चूक झाली की समोर भिंतच असते. शोरूमच्या गाडीचे शेल चुरगळून प्रवाशाला वाचवण्यासाठी बनवलेले असते. ते आपले काम एकदा चोख करते आणि मग भंगारात जाते. नळ्यांच्या सांगाड्याचा पुढचा किंवा मागचा भाग तेवढा बदलता येतो. त्याशिवाय, घसरून तोंड मागे फिरलेली गाडी हवेत उचलली जाऊ नये म्हणून छतावर उघडणाऱ्या झडपा १९९४ पासून बसवल्या जातात. त्या मूळ छतात बसवायच्या म्हणजे छत कापणे आलेच.

तरीही, मजबूत तेवढे सुरक्षित, असे लेखात कृपया लिहू नका. २०२२ च्या नव्या गाडीचा मागचा भाग नको इतका कडक निघाला, जुलैमध्ये पोकोनोच्या ट्रॅकवरील अपघातात चालक कर्ट बुश यांच्या मेंदूला मार बसून त्यांची पूर्णवेळ कारकीर्द संपली, आणि पुढच्या हंगामासाठी तो भाग मुद्दाम मऊ करावा लागला. शोरूमच्या गाडीकडून शिकण्यासारखे काही असेल, तर ते हे चुरगळणेच.

प्रतिसाद ३

एक छोटीशी भर. गावोगावच्या लहान ट्रॅकवर 'स्ट्रीट स्टॉक' नावाचा वर्ग अजून असतो. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या, आत पिंजरा, आणि शनिवारची रात्र. लेखासाठी तिथे एकदा जाऊन या.

मूळ धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. डनवे यांचा किस्सा मी वाचला होता, पण तो माझ्या बाजूला अडचणीचा म्हणून गाळला होता, हे कबूल करतो. आता लेखाची सुरुवात तिथूनच करणार आहे. माझी मागणीही आखडती घेतो: डेटोना आणि टॅलाडेगाला आजचीच गाडी राहू द्यावी, आणि मार्टिन्सव्हिलसारख्या जेमतेम अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, जिथे प्रत्येक वळणापूर्वी ब्रेक लावावाच लागतो, तिथे एखादी शर्यत मूळ बॉडीशेलच्या गाड्यांची करून बघावी. प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांना एकच विचारतो: मार्टिन्सव्हिलला गाड्या सतत एकमेकींना घासतात, ढकलतात, आणि प्रेक्षक त्यासाठीच येतात, तर चारशे-पाचशे फेऱ्या असे धक्के खाऊन मूळ शेलच्या गाडीची चाके सरळ राहतील का, की शर्यत निम्म्यावर येईपर्यंत ट्रॅकवर मोजक्याच गाड्या उरतील?