एचपी-कॉम्पॅक: दोन्ही शेअर का पडले

विलीनीकरण जाहीर झालं की घेणाऱ्याचा शेअर पडतो आणि विकल्या जाणाऱ्याचा चढतो, असं म्हणतात आणि ते बहुतेक वेळा खरं. पण एचपी या संगणक कंपनीने कॉम्पॅक ही दुसरी संगणक कंपनी घ्यायचं जाहीर केलं तेव्हा ते लागू पडलं नाही. ४ सप्टेंबर २००१ ला एचपी जवळपास १९ टक्के कोसळला आणि कॉम्पॅकही १० टक्के. सौदा रोखीचा नव्हता. एका कॉम्पॅक शेअरमागे एचपीचे ०.६३२५ शेअर मिळणार होते. एचपी घसरला की कॉम्पॅकवाल्यांच्या हाती येणारी रक्कमही आपोआप आटणार! म्हणून अशी बातमी आली की मी आधी रोख की शेअर एवढंच बघतो.

पुढे एचपीच्या एका संस्थापकाचे चिरंजीव वॉल्टर ह्युलेट कंपनीच्या संचालक मंडळावर असूनही सौद्याच्या उघड विरोधात उतरले. मार्च २००२ च्या एचपी भागधारकांच्या मतदानात सौदा जेमतेम तरला.