मदत हवी आहे: घरच्या आर्केडसाठी जुना मॉनिटर कोणता घेऊ?

म्हापशेकार
जुन्या व्हिडिओ गेमसारखं कॅबिनेट तयार. बटणं, जॉयस्टिक बसली. मॉनिटर तेवढा राहिलाय. चवथीला चुलतभाऊ येतात, त्याआधी चालू व्हायलाच हवं. बजेट तीन हजार, जुनाच घ्यायचाय. ‘नवीन घ्या’ सांगायला येऊ नका.

तिठ्यावरचा
आत काय आहे? रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर), पीसी की खरा जामा, म्हणजे जुन्या आर्केड मशीनचा बोर्ड? ते कळल्याशिवाय काय सांगणार, कपाळ?

काचेची_ट्यूब
सीआरटी घ्या, जुना काचेच्या ट्यूबवाला, विषय संपला. १९८० चा पॅकमॅन एलसीडीवर म्हणजे नुसते ठोकळे. भंगारात टीव्ही पडून असतात.

फोंड्याचो_फिटर
सरसकट सीआरटी काय सांगता? जुन्या आर्केड बोर्डाचा सिग्नल साधारण १५ किलोहर्ट्झ, पीसीचा व्हीजीए मॉनिटर ३१ च्या खाली बहुधा घेतच नाही. आणि मागचं झाकण उघडू नका, वायर काढली तरी ट्यूबमध्ये हाय व्होल्टेज राहतं.

काचेची_ट्यूब
मी कायम उघडतो. अजून जिवंत आहे.

फोंड्याचो_फिटर
म्हणून त्यांनीही उघडावं?

म्हापशेकार
पाय ४ हो, दुसरं काय असणार! आतली रुंदी ४१ सेंमी.

काचेची_ट्यूब
मग तर झालंच. पाय ४ च्या ऑडिओ जॅकमधून कंपोझिट (जुन्या टीव्हीचा व्हिडिओ सिग्नल) निघतं, टीव्हीला थेट लावा.

तिठ्यावरचा
४१ सेंमीत टीव्ही बसवून दाखवा आधी. गेम कुठले? उभ्या स्क्रीनचे की आडव्या?

म्हापशेकार
पॅकमॅन, गॅलागा, १९४२.

फोंड्याचो_फिटर
सगळे उभे. १९ इंची चौकोनी एलसीडी घ्या, १२८० बाय १०२४. ऑफिसातून निघालेले बरेच मिळतात. उभा केला की पॅकमॅनचं २२४ बाय २८८ चित्र बरोबर चौपट बसतं, कडेला थोडी काळी पट्टी उरते. डीव्हीआय पोर्ट असलेला बघा, पायला साध्या केबलवर चालतो. नुसता व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागेल. मागे व्हेसाची, म्हणजे स्क्रूने टांगायची भोकं हवीत, नाहीतर टांगणार कशाला?

दुकानात आडवा असतानाच खाली वाकून बघा. चित्र काळवंडलं तर पॅनेल टीएन प्रकारचं. उभा केल्यावर तीच बाजू शेजारी उभ्या भावाच्या तोंडासमोर येते. आयपीएस, म्हणजे कुठूनही नीट दिसणारा, मिळाला तर दोनशे जास्त द्या. अर्धा तास चालू ठेवायला लावा, आणि माल किनाऱ्याजवळच्या घरातला असेल तर पोर्टांना गंज आहे का बघा.

सांजवेळ
त्यापेक्षा पोरांना मैदानावर पाठवा.

म्हापशेकार
पोरं कसली, चाळिशीतले भाऊ आहेत.

तिठ्यावरचा
यूपीएस घेतलाय का? पावसात लाईट जाते.

म्हापशेकार
इन्व्हर्टर आहे. १९ इंची डीव्हीआयवाला मिळतोय, अठराशे सांगतोय. शुक्रवारी बाजाराला जाईन तेव्हा वाकून बघतो.

काचेची_ट्यूब
पस्तावाल.

सांजवेळ
धाग्याशी संबंध नाही, पण तुमचा मेस्त (सुतार) कोण? आमचा ‘फाल्यां येतां’ (उद्या येतो) म्हणून गेला तो गेलाच.

म्हापशेकार
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आगाऊ पैसे देऊ नका.