मदत हवी आहे: ट्वीड डिलक्सच्या मॉडेलमधून धड टोन निघेना

नमस्कार मंडळी, इथे गिटारवाले कोणी असतील तर जरा बघा, बाकीचे पुढे गेलात तरी चालेल.

भांडुपला राहतो, वन बीएचके, भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे खरा ट्यूब अ‍ॅम्प वगैरे विषयच नाही. आणि परवडलं असतं तरी अमेरिकेतला जुना पीस मागवायचा, तो तिकडच्या व्होल्टेजवर चालणारा, म्हणजे परत लॅमिंग्टन रोडला जाऊन स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर शोधा, एवढं कोण करणार. तर गिटार ऑडिओ इंटरफेसमधे (गिटारचा सिग्नल लॅपटॉपमधे नेणारा डबा), इंटरफेस लॅपटॉपला आणि कानात हेडफोन असा संसार आहे. अ‍ॅम्पच्या जागी लॅपटॉपवर त्याचं मॉडेल, म्हणजे सॉफ्टवेअरमधली नक्कल. गिटार स्ट्रॅट टाइपची, ब्रिजला हमबकर (जाड आवाजाचा पिकअप), बाकी दोन सिंगल कॉइल.

मला हवाय तो फेंडरच्या ट्वीड डिलक्स या जुन्या ट्यूब अ‍ॅम्पचा टोन, १९५५ ते ६० मधला ५ई३ सर्किटवाला. नील यंग वाजवतो तोच. हळू वाजवलं की स्वच्छ, जोरात पिक मारला की आवाज फाटतो, पेडल बिडल काही नाही. मला वाटलं अ‍ॅम्पला नॉब तीनच, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, सोपं काम असेल. पण व्हॉल्यूम चारच्या पुढे नेला की जाड तारांचा नुसता गोळा होतो, एकही स्वर वेगळा ऐकू येत नाही, आणि वर कढईत पापड टाकल्यासारखी चरचर. टोन वाढवला की चरचर वाढते, कमी केला की सगळंच दबतं. शेवटी ईक्यू (बास, ट्रेबल कमीजास्त करणारा) लावून बास कापला, तर गोळा तसाच, फक्त बारीक झाला. इंटरनेटवर लोक याच मॉडेलमधून इतकं सुंदर वाजवतात, मग हे मॉडेलचं आहे, माझ्या हेडफोनचं आहे की या अ‍ॅम्पचा स्वभावच असा आहे?

जुनी तार:
स्वभावच असा आहे भावा. खरा अ‍ॅम्प फुल करून हमबकर लाव, असाच गोळा होतो. मॉडेल प्रामाणिक आहे म्हणायचं. त्या सर्किटमधे निगेटिव्ह फीडबॅक (डिस्टॉर्शन आवरणारी सोय) नाही, स्टेजच्या मधले कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे म्हणजे बास अगदी मोकळा पुढे सोडणारे, त्यात ५वाय३ रेक्टिफायर, जोरात वाजवलं की व्होल्टेज खाली बसतो. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, जेमतेम १२-१५ वॉट आणि एकच १२ इंची स्पीकर. एवढ्याशा जीवाला तू बास कोंबतोयस.

आता मुद्द्याचं. ईक्यू कुठे लावलास? अ‍ॅम्पच्या नंतर लावला असशील तर उपयोग नाही. गोळा अ‍ॅम्पच्या आत होतो, बास आत जाऊन डिस्टॉर्ट झाला की त्याचा चिखल वरच्या फ्रिक्वेन्सीतपण पसरतो, मग मागून कितीही काप. अ‍ॅम्पच्या आधी लो कट (खालचा बास कापणारा फिल्टर) लाव, १२० हर्ट्झपासून सुरू कर, हमबकरला १५०-२०० पर्यंत गेलास तरी चालतं. नाहीतर आधी ट्यूब स्क्रीमर पेडल ठेव, ड्राइव्ह शून्य, लेव्हल वर, तोही बास कापूनच पुढे देतो.

दुसरं म्हणजे गिटारचा व्हॉल्यूम. आपल्याकडे सगळे तो दहावर ठेवून विसरतात. अ‍ॅम्प सहा-सातवर ठेव आणि गिटारचा सहावर आण, तुझं ते हळू स्वच्छ जोरात फाटलेलं तिथेच सापडेल. या अ‍ॅम्पवर चारनंतर आवाज फारसा वाढतच नाही, नुसता फाटत आणि दबत जातो.

कल्याण लोकल:
दोन्ही चॅनेलचे व्हॉल्यूम फिरवून बघितलेस का? ५ई३ ची गंमत तीच आहे, ज्या चॅनेलमधे काहीच लावलेलं नाही त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी वापरातल्या चॅनेलचा गेन आणि टोन बदलतो, टोनचा नॉबपण त्या दोघांत अडकलेला. म्हणजे नॉब तीन असले तरी कॉम्बिनेशन भरपूर. पण हे सर्किट धरून बनवलेल्या मॉडेलमधेच होतं हां, सगळ्यांत नाही. तू कॅप्चर वापरत असशील, म्हणजे एनएएम (न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर) वगैरेची फाइल, तर तो अ‍ॅम्पचा एका सेटिंगवरचा फोटो असतो (एखादाच बनवणारा नॉबसकट बनवतो). त्यावर जे ट्रेबल बासचे नॉब दिसतात ते प्लगइनचा ईक्यू आहे, अ‍ॅम्पचे नाहीत.

पापडवाला प्रश्न:
चरचरीवर कोणीच बोललं नाही म्हणून. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने खाली येतो, हेडफोन मात्र २० पर्यंत सगळं ऐकवतो. कॅब आयआर (मायकने घेतलेली गिटार स्पीकरची छाप) चालू आहे ना ते आधी बघ. असेल तर वेगळा घेऊन बघ, मायक स्पीकरच्या मधोमध धरलेला असेल तर टोचतोच, कडेकडचा घे. तरी राहिलं तर शेवटी ६ किलोहर्ट्झला हाय कट. आणि इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलंय ना? लाइनमधे लावलं तर पिकअपची धार जाते, मग माणूस ट्रेबल वाढवत बसतो. गेनपण बेताचा ठेव, जास्त ठेवलास तर मॉडेल गरजेपेक्षा आधीच फाटायला लागतं.

धागाकर्ता:
जुनी तार दादा, खरंच हात जोडले. ईक्यू मागेच होता. आता १५० ला लो कट पुढे घातला आणि गोळा जवळपास गेला, ए तारेवरची पॉवर कॉर्ड चक्क कॉर्डसारखी वाजतेय. गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणून नेक पिकअप लावला तर अर्धा तास उठलोच नाही, आई जेवायला हाका मारतेय. कल्याण लोकल, हो, कॅप्चरच होतं, म्हणून नॉब फिरवून काही कळत नव्हतं, आता नॉबवालं मॉडेल टाकलंय. चरचर आयआर बदलून कमी झाली, हाय कट अजून लावला नाही.

आता पुढचं. रविवारी अंधेरीत जॅमरूम घेतलीय, तिथे ड्रमर आहे आणि तो हळू वाजवत नाही. हाच पॅच, म्हणजे ही सगळी सेटिंग, तसाच नेऊ का?

जुनी तार:
तसाच नको. हळू आवाजात कानाला बास आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं, म्हणून घरी बरोबर वाटलेला पॅच मोठ्याने लावला की बास घुमतो आणि वरून टोचतो. तिथे पोचल्यावर लो कट अजून थोडा वर घे, आणि मिड्स कमी करू नकोस, बास गिटार आणि झांजांच्या मधे तुला तेवढीच जागा आहे. जॅमरूमच्या कॉम्बोच्या (स्पीकरसकट गिटार अ‍ॅम्पच्या) इफेक्ट्स रिटर्नमधे लावणार असशील तर आयआर बंद कर, तिथे खरा गिटार स्पीकर आहेच; पीएमधे (गाण्याच्या साउंड सिस्टीममधे) लावणार असशील तर चालू ठेव. आणि दहा मिनिटं आधी जा, ड्रमर सुरू झाला की नॉब फिरवायला कोणी थांबत नाही.